मर्दपणाचं काय करायचं? मराठवाड्यातल्या पोरांच्या गटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, परभणी, जालना या भागातल्या गावांत आणि तांड्यांवर पंधरा ते पंचवीस वयाच्या पोरांसोबत आम्ही बसतो. जागा ठरलेली नसते. कधी शाळेचा व्हरांडा, कधी समाजमंदिर, कधी पोलीस भरतीचा सराव आटोपल्यावर मैदानाची कड. खालचे प्रश्न पारावर, टपरीवर, कुणाच्या घरी जेवताना आणि रात्री उशिरा आलेल्या मेसेजमधून गोळा झालेत. त्यांची भाषा आम्ही फार सभ्य केलेली नाही. पोरांना उत्तर देताना 'तू' म्हटलंय, मोठ्यांना 'तुम्ही'.

तुम्ही करता काय नेमकं?

बोलतो. 'रडू नको', 'बहिणीवर नजर ठेव', 'मार खाऊन आलास तर घरात येऊ नको' हे सगळं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. त्यातलं कामाचं किती आणि नुसतं ओझं किती, हे पोरं आपापसात तपासतात. मग काही गोष्टी ठरतात. जेवलेलं ताट आपलं आपण घासायचं. ग्रुपवर आलेला कुणाचा व्हिडिओ पुढे पाठवायचा नाही. गावात अल्पवयीन पोरीचं लग्न ठरलं तर फोन कोण करणार, तेही आधीच ठरतं. भाषण नसतं, हारतुरे नसतात. प्रमाणपत्रही मिळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण फाईलला लावायला ते मागणारे बरेच भेटतात.

बायकांच्या हक्काचं काम आहे ना हे? मग पुरुषांना कशाला बोलावता?

बचत गटात बाई कायदा ऐकते, खातं उघडते, बोलायला शिकते. संध्याकाळी घरी येते तर उंबऱ्यात तोच माणूस, तसाच उभा. त्याच्याशी कुणी बोललेलंच नसतं. तिच्या शिकण्याचा त्याला राग येतो, आणि तो राग निघतो तिच्यावरच.

दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. मारणारे, छेडणारे, पोरीचा फोटो फिरवणारे गावात मोजके असतात. त्यांचं निभावतं ते भोवतीच्या हसणाऱ्या आणि गप्प बसणाऱ्या माणसांवर. टपरीवर एकजण बोलतो आणि चौघं खिदळतात. त्या चौघांतल्या एकाला तरी ते आवडलेलं नसतं, पण 'लई शहाणा झाला का' हे ऐकायची त्याची तयारी नसते. आमचा बहुतेक वेळ त्या एकासाठी जातो. मोजक्या वाईटांना सुधारायचा दावा आम्ही करत नाही.

आणि बायका सगळ्या या बाजूला, पुरुष सगळे त्या बाजूला, असंही चित्र नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (पाचवी फेरी) 'अमुक कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य' असं किमान एका कारणाला धरून म्हणणारे पुरुष देशभरात ४४ टक्के निघाले. बायका ४५ टक्के. सासूच्या तोंडी नवऱ्याचीच भाषा असते, ती यामुळे.

हे परदेशातून आलेलं फॅड आहे का?

बाहेरही चाललंय, खरं आहे. कॅनडात माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ६ डिसेंबर १९८९ ला एका माणसाने १४ बायकांना ठार केलं. त्यानंतर १९९१ मध्ये तिथल्या पुरुषांनी पांढरी फीत लावून 'आम्ही हिंसा करणार नाही, दुसऱ्याने केली तर गप्पही बसणार नाही' अशी मोहीम उघडली. १९९४ च्या कैरोतल्या लोकसंख्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी पुरुषांच्या जबाबदारीचा मुद्दा कृती कार्यक्रमात घेतला. बायकांविरुद्धचे भेदभाव संपवण्याचा १९७९ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९३ मध्ये मान्य केला. त्याच वर्षी मुंबईत हिंसेविरुद्ध पुरुषांनी उभी केलेली 'मावा' ही संस्था सुरू झाली.

पण त्याच्या कितीतरी आधी इथल्याच मातीत हा वाद झालेला आहे. शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये पुरुषांना जाहीर जाब विचारला, तोही छापून. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विवाहात मंगलाष्टकं वधूवर एकमेकांना म्हणत, आणि त्यात बाईच्या हक्काचं बोलणं होतं. इतकं जुनं फॅड असतं होय?

आपल्या संस्कृतीत पुरुषाने घरकाम केलेलं बसतं का?

गंगाखेडला जाऊन या. जनाबाईचं गाव. तिच्या अभंगांत प्रत्यक्ष विठ्ठल तिच्याबरोबर जात्यावर बसतो, केर भरतो, शेण्या वेचतो, तिचे केस विंचरतो. आषाढीला त्याच विठ्ठलासाठी पायी जाणारा माणूस घरी आल्यावर पाण्याचा तांब्याही स्वतः उचलत नाही, तेव्हा संस्कृती नेमकी कुठली धरायची ते त्यालाच विचारा.

आता आकडा. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामात बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषांची ८८. आणि ही ८८ मिनिटं जे पुरुष घरकाम करतात त्यांची आहेत. खाटेवर बसून 'चहा टाक' म्हणणारे त्या सरासरीत नाहीतच.

मी घरात झाडू मारतो म्हटलं की पोरं बायल्या म्हणतात. काय करू?

मार झाडू. पहिले काही दिवस चिडवतील, मग दुसरा विषय मिळेल. एकट्याने सुरुवात करणं जड जातं म्हणून गटात दोघातिघांनी एकदम सुरू करायचं असतं. एक मात्र पाळ, झाडू मारतानाचं स्टेटस टाकू नको. तुझी बहीण सात वर्षांची असल्यापासून मारते, तिचं स्टेटस कुणी टाकलं नाही.

मी उसतोडीला जातो. फडात कसली आली समानता?

मराठवाड्यात पुरुषपणाबद्दल बोलायचं तर फडातूनच सुरुवात करावी लागते, म्हणून याचं उत्तर लांबेल.

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून, परभणी-जालन्याच्या काही तालुक्यांतून जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायको मिळून. एकटा गेलास तर अर्धा कोयता. राबायला दोघं, पण उचलीचे पैसे हातात घेतो नवरा, अंगठा त्याचा, हिशेबाला मुकादमासमोर बसतो तो. बाईला बहुतेकदा आकडासुद्धा माहीत नसतो. पट्टी पडते, म्हणजे हंगामाचा हिशेब होतो, तेव्हा किती फिटले आणि किती अंगावर राहिले, हेही तिला नवऱ्याच्या तोंडूनच कळतं.

तिचा दिवस बघ. पहाटे चारच्या आधी चूल, भाकरी. मग फडात तुझ्याबरोबर तोड. मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. गाडी रात्री आली तर रात्री. परत आल्यावर तू कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, आडवा होतोस आणि तिचं पाणी, सरपण, लेकरू, पुन्हा चूल. पाळी आली तरी खाडा नको, कारण खाड्याचे पैसे कापतात. आडोसा नाही, पाणी नाही, दुखणं अंगावर काढायचं. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ उसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. यात दवाखान्यांचा लोभ आहे, मुकादमाचा खाडा आहे, सरकारचं दुर्लक्ष आहे. आणि 'कटकट गेली एकदाची' म्हणणारा नवराही आहे.

कारखाना आणि मुकादम बदलणं तुझ्या एकट्याच्या हातात नाही. आम्ही तसं भासवणारही नाही. त्यासाठी संघटना लागते. पण कोपीच्या आत काय चालतं ते तुझ्या हातात आहे. पाणी तू आण. भाकरी थापायला शीक, पिठलं त्याहून सोपं. ती गरोदर असेल तर मोळी तू उचल. उचल घेताना तिला शेजारी बसव, तिच्यासमोर मोजून घे. गर्भाशय काढायला कुणी सांगितलं तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. ग्रामसेवकाकडून उसतोड कामगाराचं ओळखपत्र मिळतं, ते दोघांच्याही नावाचं काढा.

यावर एक बोलणं हमखास ऐकू येतं, 'मीही तितकाच थकतो.' थकतोसच. पण झोपतोस तिच्या आधी.

कोयता पूर्ण व्हावा म्हणून माझं लग्न ठरवलंय. मुलगी सोळाची आहे. नको म्हटलं तर घरचे ऐकतील?

लगेच नाही ऐकणार. तरी म्हण. मुलीचं 'नको' घरात कुणी विचारत नाही, तुझं निदान ऐकून तरी घेतात. नवऱ्या मुलाने बोहल्यावर चढायला नकार दिला तर लग्न होत नाही, एवढी ताकद या व्यवहारात फक्त तुझ्याकडे आहे.

वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं. बीडमध्ये ४३.७, परभणीत ४८. जवळजवळ दर दुसरी पोरगी. कारणं सगळ्यांना पाठ आहेत. आईबाप सहा महिने फडावर, पोरीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं? हंगामी वसतिगृहं आहेत, पण वयात आलेल्या पोरीला तिथे ठेवायला आईबाप धजत नाहीत. त्यापेक्षा उजवून टाका, जावयाला अर्ध्याचा पूर्ण कोयता मिळतो.

घरच्यांना भावनेने पटत नसेल तर कायदा दाखव. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६. अठरा वर्षांवरच्या नवऱ्याला, लग्न लावणाऱ्याला, ते होऊ देणाऱ्या पालकांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बायको १८ च्या आतली असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. ती बाळंतपणाला दवाखान्यात गेली आणि वय कमी निघालं की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली गुन्हा तुझ्यावर. मुलगा झाल्याचे पेढे वाटायच्या दिवशी बाप कोठडीत, हे आपल्याकडे घडतं.

गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. त्याला सांगता येतं, नाहीतर १०९८ ला फोन. नाव सांगायची सक्ती नाही.

पोरगी आधी नाहीच म्हणते. मागे लागलं की हो म्हणते, असं नाही का?

नाही.

मागे लागल्यावर काय होतं ते ऐक. तू एसटी स्टँडवर उभा राहतोस, तिच्या गावापर्यंत गाडी मागे नेतोस. दोन दिवसांत कुणीतरी तिच्या घरी सांगतं. तुला कुणी विचारत नाही, तिची शाळा बंद होते. तिसऱ्या महिन्यात तिचं लग्न. एसटीचा मोफत पास, मानव विकासची निळी बस, सरकारने पोरीला आठवी-दहावीपुढे नेण्यासाठी केलेला सगळा खर्च तुझ्या त्या अर्ध्या तासाच्या उभं राहण्यापुढे हरतो. गटात हे बोलल्यावर पोरं पहिल्यांदा गप्प होतात, कारण बहुतेकांना अशी एखादी पोरगी नावानिशी आठवत असते, वर्गातली, मधेच दिसेनाशी झालेली.

कायद्याचंही सांगतो. नको म्हटल्यावरही मागे फिरणं, मेसेज करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलास तर पाच. पोलीस भरतीचं स्वप्न असेल तर चारित्र्य पडताळणी कशी होते, ते आधी विचारून घे.

ग्रुपवर एका पोरीचा व्हिडिओ आलाय. मी टाकला नाही, फक्त बघितला. मी काय केलं?

अजून काही केलं नाहीस, अडचण तीच आहे. पुढे पाठवू नको. टाकणाऱ्याला सगळ्यांसमोर लिही, 'काढ.' एक ओळ पुरते. एकाने लिहिलं की आणखी दोघं लिहितात, आतापर्यंतचा अनुभव तसाच आहे. पोरगी १८ च्या आतली असेल तर असं चित्रण मोबाईलमध्ये ठेवून देणं हेसुद्धा गुन्ह्यात बसू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तसा निकाल दिलाय. आणि त्या पोरीला 'तुझा व्हिडिओ बघितला' असा मेसेज करून काळजी दाखवू नको. तिच्या विश्वासातल्या मैत्रिणीला किंवा शिक्षिकेला सांग.

बहीण परजातीतल्या पोराबरोबर दिसली. भाऊ म्हणून माझी जबाबदारी नाही का?

तिला धोका कुणाकडून आहे ते आधी ओळख, कारण बहुतेक वेळा तो घरातूनच असतो. घराची अब्रू बहिणीच्या अंगावर ठेवायची आणि राखण भावाला द्यायची, ही जातीची व्यवस्था आहे. जात टिकते ती लग्नातून. म्हणून पुरुषपणाचं बोलणं जातीला वगळून करता येत नाही, आणि जिथे आम्ही वगळून बघतो तिथे ते दोन बैठकींत गुळमुळीत होतं. ती सज्ञान असेल तर जोडीदार निवडणं तिचा हक्क आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना संरक्षण द्यायला, त्यांच्यासाठी सुरक्षित निवारे काढायला सगळ्या राज्यांना सांगितलंय. भाऊ म्हणून करायचंच असेल तर तापलेल्या चुलत्यांना दाराबाहेर अडव.

गावात मुलीच मिळत नाहीत लग्नाला. आमच्या हक्काचं कोण बोलणार?

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये ८९४. ती लेकरं आता लग्नाला आलीत किंवा येतायत. ज्या मुली तुला आज मिळत नाहीत, त्यातल्या काही जन्मालाच येऊ दिल्या नाहीत. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा आला १९९४ मध्ये. कायदे असतानाही मशीन चाललं, कारण गिऱ्हाईक घराघरात होतं.

दुसरी बाजूही आहे. शिकलेल्या मुलीला शेतकरी नवरा नको असतो. त्याचं खापर मुलींच्या अपेक्षांवर फोडतात. पण दुष्काळात विहीर आटली की पाणी कोण वाहतं, म्हशीचं शेण कोण काढतं, सासऱ्यासमोर खुर्चीवर कोण बसू शकत नाही, हे तिने आईच्या घरी बघितलेलं असतं. 'नोकरीवाला पाहिजे'मध्ये बरंचसं 'हे नको' असतं. शेती तीच राहील, घरातली वागणूक मात्र तू बदलू शकतोस. त्याने लग्न जमेलच अशी हमी नाही.

पुरुषांच्या दुःखाचं काय? तुम्ही फक्त बायकांचंच बोलता.

बोलतो. २०२३ या एका वर्षात मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यातले २६९ बीडचे. देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहा माणसांत सातजण पुरुष असतात. शेतकरी मरतो त्याला कर्ज, पाऊस, सोयाबीन-कापसाचा भाव कारणीभूत आहे. मर्दपणाच्या शिकवणीने मरतो म्हणणं हा त्याचा अपमान होईल.

पण एक धागा आम्हाला घराघरात दिसतो. बँकेचं कर्ज घरात माहीत असतं, सावकाराचं नसतं. ते बायकोला कळतं तेराव्यानंतर, तो माणूस दारात आल्यावर. कर्त्याने सगळं एकट्याने पोटात ठेवायचं, बायकोपुढे हात टेकायचे नाहीत, मित्रापुढे रडायचं नाही, अडचण सांगायची तर फक्त दारूच्या बाटलीला. कर्ज घेताना बायको शेजारी असती तर कदाचित घेतलंच नसतं, कदाचित घेतलं असतं, पण निदान दोघांना माहीत असतं. वहीखातं दोघांनी मिळून बघायचं, हे आमच्याकडे समानतेचं कलम आहे तसंच जगण्याचंही.

लातूरला किंवा नांदेडला नीटच्या तयारीला खोली घेऊन राहणारी पोरं हाच दाब वेगळ्या वयात झेलतात. बापाने एकर विकून फी भरलेली, चाचणीत मार्क पडत नाहीत, घरी फोनवर 'मस्त चाललंय'. त्यातलं कुणी वाचत असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

बाप आईला मारतो. मी अंगाने त्याच्याहून मोठा झालोय आता. मी त्याला ठोकू का?

राग समजतो. ठोकू नको. तू ठोकलंस की घरात नवा मारणारा तयार होतो, आणि पुढच्या वेळी तू घरी नसताना आईला दुप्पट पडतं.

मारहाण चालू असेल तर मधे जाऊन उभा राहा, मोठ्याने शेजाऱ्यांना हाक मार, ११२ लाव. नंतर, तो शुद्धीत असताना, एकट्याने बोलू नको. ज्याचा शब्द तो मानतो असा मामा, आप्पा, तात्या कुणी असेल तर त्याला घेऊन बोल. आणि आईला विचार, तिला काय हवंय. हे पोरं विसरतात. तिला कदाचित तक्रार नको असेल, फक्त आठ दिवस माहेरी जायचं असेल. कदाचित तिने मनात सगळं ठरवलेलं असेल आणि सोबत यायला कुणी नसेल.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा नवऱ्याला थेट तुरुंगात टाकण्यासाठी नाही. त्यात आईला घरात राहण्याचा हक्क मिळतो, पोटगी मिळते, मारू नये असा कोर्टाचा आदेश मिळतो. त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात. पोलीस ठाण्यांत बसणारे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्षही आहेत, १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि आता राज्यभर पोचलेले. तिथल्या समुपदेशक फी घेत नाहीत.

सगळे कायदे बायकांच्या बाजूचे. खोट्या केसेसचं काय?

खोटी केस होत नाही असं कुणी म्हणत नाही. म्हणूनच सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी उठसूट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलं, आणि सासरच्या छळाची केस त्यात येते. पण पारावर याच विषयावर तास तास जातो, आणि खऱ्या मारावर दोन मिनिटं जात नाहीत. कुटुंब आरोग्य पाहणीत मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी कुणाची मदत मागितली नव्हती, कुणाला सांगितलंही नव्हतं. खोट्या केसपेक्षा न झालेल्या केसेस कितीतरी जास्त आहेत.

नसबंदी केली तर मोळी उचलता येत नाही म्हणतात, खरं का?

खोटं. बिनटाक्याची असते, त्याच दिवशी घरी. हलकं काम दोन दिवसांनी, जड काम साधारण आठवड्याने. ताकद, इच्छा, दाढीमिशा सगळं जागेवर राहतं. परिणाम यायला मात्र तीन महिने लागतात, तोवर दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासणी करून खात्री करायची. बाईची शस्त्रक्रिया याहून मोठी असते, तरी देशभरातल्या विवाहित जोडप्यांत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. मर्दपणाचा याहून स्वस्त हिशेब आम्ही पाहिला नाही.

समलिंगी, तृतीयपंथी यांच्याबद्दलही बोलता का?

हो. 'बायल्या' म्हणून ज्या पोराला शाळेत मारलं जातं तो त्याच मर्दपणाचा मार खात असतो. तृतीयपंथीयांची ओळख सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केली, समलिंगी संबंध २०१८ मध्ये गुन्ह्यातून काढले. गटात कुणालाही आपल्याबद्दल सांगायची सक्ती नसते.

तुमचा पक्ष कोणता? जात कोणती?

बैठकीला मराठा, वंजारी, बंजारा, बौद्ध, मुस्लिम, धनगर, सगळ्यांची पोरं येतात. निवडणुकीच्या महिन्यात बैठका बंद ठेवतो, कारण बॅनरवर फोटो लावायला बोलावणी येतात.

आमच्या मुलाला तुम्ही बिघडवताय असं वाटतं. तो आता उलटून बोलतो. (एका वडिलांचा प्रश्न)

दादा, तो काय बोलतो ते बघा. बहुतेक घरांत त्याचं उलटून बोलणं म्हणजे 'ताईलाही बारावीनंतर शिकू द्या' किंवा 'आईला आधी जेवू द्या' एवढंच असतं. तलवारीने केक कापून त्याचं रील टाकणारा आणि शस्त्र कायद्याखाली पोलिसांत जाणारा मुलगा घरी उलटून बोलत नसेलही. त्यापेक्षा हा परवडला. आणि तो खरंच उद्धट वागत असेल तर आम्हाला सांगा, तेही आम्ही त्याच्याशी बोलतो. एकदा स्वतःच बैठकीला या. मागे बसा, चहा प्या.

लाडकी बहीणचे दीड हजार बायकोच्या खात्यात येतात. समानता आली की.

एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे?

जमीन बायकोच्या नावावर केली आणि ती सोडून गेली तर?

हा प्रश्न फक्त पुरुषच विचारतात. 'जमीन नवऱ्याच्या नावावर आहे आणि त्याने सोडलं तर' हे बायका विचारत नाहीत, जगतात. शेतकरी आत्महत्येनंतर विधवेला सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यासाठी दिराच्या दारात उभं राहावं लागतं, हे तुम्हीही गावात बघितलंय.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. हजारो शेतकऱ्यांनी राजीखुशीने जमीन बायकोच्या नावावर केली. ते शेतकरी कुणी शहरी सुधारक नव्हते, कांदा-कापूसवाले होते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे काम करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने पुढे बायकांना घरच्या शेतातला एक एकर मागायला लावलं. त्या एकरात त्या ठरवतील ते पीक, आधी घराला पुरेल असं. पूर्ण सातबारा मोठा घास वाटत असेल तर एकरापासून सुरुवात करा.

करायचं कसं? लक्ष्मीमुक्तीखाली नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज दिला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. घरासाठी ग्रामपंचायतीत नमुना ८ वर दोघांची नावं घालता येतात. मुलीचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क महाराष्ट्रात १९९४ लाच आला, देशात २००५ मध्ये. तेव्हा बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना 'राखीची ओवाळणी' म्हणून गोड बोलणं थांबवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बापाच्या नावाआधी लावणं सक्तीचं झालंय. ते करायला तर अर्जही लागत नाही.

मुली बैठकीला येऊ शकतात का?

काही बैठकी एकत्र असतात. बहुतेक फक्त पोरांच्या, कारण मुली समोर असल्या की पोरं शहाणी बोलतात. गटाचं काम कसं चाललंय हे मात्र आम्ही पोरांना विचारत नाही, त्यांच्या बहिणींना आणि बायकांना विचारतो. पोरगा बैठकीत फार छान बोलतो आणि घरी काहीच बदललं नाही, हे त्यांच्याकडूनच कळतं.

माझ्या गावात गट सुरू करायचा आहे. कुठून सुरुवात करू?

दोन मित्र शोध, ज्यांच्यासमोर तुला खोटं बोलावं लागत नाही. पहिल्या बैठकीत बायकांबद्दल बोलू नका, आपापल्या बापाबद्दल बोला. क्रिकेटच्या किंवा भरतीच्या सरावानंतरची वेळ बरी पडते. बॅनर छापू नका. कुणी मोठा माणूस उद्घाटनाला येतो म्हणाला तर तारीख कळवू म्हणा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा, गावात काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि हे क्रमांक गटातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू द्या: लहान मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, तातडीला ११२.